औंध संस्थान, दृष्टि आणि वास्तु

राज्यांचे, ग्रंथांचे, देवळांचे आणि किल्ल्यांचे इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. परंतु हीं देवळें आणि हे वाडे ज्यांनीं डोळ्यांनीं कधीं पाहिले नाहींत, केवळ हातांनीं, पायांनीं आणि कानांनीं ओळखले, त्यांच्या बाजूनें या वास्तूंकडे पाहण्याचा प्रयत्न क्वचितच झाला आहे. अंध मनुष्य आपल्या वाङ्मयांत येतो तो बहुधा दयेचा विषय म्हणून, दृष्टान्त म्हणून, नाहीं तर एखाद्या म्हणीचा धनी म्हणून. त्याला जिना कसा लागतो, दार कसें सांपडतें, उंबरठा त्याच्या पायाला आधीं कळतो कीं ठेंच लागल्यावर कळतो, हे प्रश्न क्षुल्लक मानले गेले. आमच्या मतें ते क्षुल्लक नाहींत. एखाद्या समाजानें आपल्या इमारती कोणाला मनांत धरून बांधल्या, यावरून त्या समाजानें आपल्यांत कोणाकोणाची गणना केली हें कळून येतें.

हा प्रश्न आम्ही येथें औंधच्या निमित्तानें मांडीत आहों. औंध हें संस्थान लहान. त्याचीं सारीं गांवें बहात्तर, आणि तींहि एका जागीं नव्हतीं. खुद्द औंध आज सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यांत आहे, तर कुंडल आणि आटपाडी हे भाग सांगली जिल्ह्यांत मोडतात. ८ मार्च १९४८ रोजीं हें संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. त्याचे अखेरचे अधिपति श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) हे स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्कारांचे कट्टे पुरस्कर्ते होते. ज्याचें आयुष्य डोळ्यांनीं सौंदर्य टिपण्यांत गेलें, अशा या राजाच्या मुलुखाशीं दृष्टीच्या उणिवेच्या कित्येक कथा निगडित व्हाव्या हा योगायोगच म्हटला पाहिजे. परंतु त्या शेजारीं शेजारीं ठेवल्या म्हणजे त्यांतून कांहीं अर्थ निघतो असें आम्हांस वाटतें.

या विषयाकडे आमचें लक्ष वळण्याचें कारण मात्र घरगुती आहे. आमच्या एका आत्याबाईंची दृष्टि साठीच्या सुमारास काचबिंदूनें हळूहळू गेली. या रोगांत बहुधा प्रथम कडेचें दिसेनासें होतें. समोरचें बराच काळ दिसत राहतें. त्यामुळें बाई धडपडूं लागल्या तेव्हां 'लक्ष कोठें असतें?' म्हणून घरांतील माणसें त्यांनाच बोलत. पुढें सारेंच अंधारलें. कांहीं वर्षांनीं त्यांना एका मोठ्या सार्वजनिक कचेरींत निवृत्तिवेतनाच्या कामासाठीं नेण्याचा प्रसंग आला. कचेरीचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. तशा कचेऱ्या गांवोगांवीं आहेत. इमारत नवी होती. तिचें दार अखंड कांचेचें होतें. पायऱ्या, कट्टा आणि जमीन एकाच रंगाच्या गुळगुळीत फरशीच्या होत्या. पाळी आली कीं भिंतीवर आंकडा उजळे, पण त्याचा उच्चार कोणी करीत नसे. आत्याबाई दुसऱ्याच पायरीवर घसरल्या आणि त्यांचें मनगट मोडलें. आम्ही त्यांना उठवीत असतां जवळच्या एका सद्गृहस्थांनीं, अगदीं कळवळ्यानें, विचारलें, "अशा माणसाला इकडे आणावेंच कशाला?" तो प्रश्न आमच्या मनांतून अद्यापि गेलेला नाहीं. पडल्याचा दोष पायरीकडे जावयाचा तो पडणारीकडे गेला, आणि त्यांत कोणाला कांहीं विपरीत वाटलें नाहीं.

त्यानंतर आम्ही घरीं एक प्रयोग केला. आंधळी कोशिंबीर खेळतांना मुलें बांधतात तशी डोळ्यांवर घट्ट पट्टी बांधून आम्ही दुपारचे तीन तास घरांत वावरलों. पहिला अर्धा तास केवळ भीतीचा गेला. रोजचें माजघर दुप्पट लांब झालें. पाय उचलण्याऐवजीं घासत चालूं लागलों, हात पुढें धरले तरी कपाळच आधीं दाराच्या कडेवर आपटलें, आणि पाण्याचा तांब्या तीनदां लवंडला. आत्याबाईंनीं हें सर्व ऐकलें आणि त्या हसूं लागल्या. मग त्यांनीं आपलें कोपर आमच्या हातीं दिलें व आम्हांस घरभर फिरविलें. ओसरी जवळ आली कीं गालाला वारा लागतो. कोनाड्यापाशीं आपल्या पावलाचा आवाज बदलतो. स्वयंपाकघराची भिंत दुपारीं ऊन असते, देवघराची नसते. आम्ही त्या घरांत जन्मलों, परंतु यांतलें एकहि आम्हांस ठाऊक नव्हतें. "अरे, तूं आंधळा झालेला नाहींस," त्या म्हणाल्या, "तुझे नुसते डोळे बांधलेत. मला हें घर पुन्हां शिकायला दोन वर्षें लागलीं. आतां मला अंधाराचा त्रास नाहीं. त्रास होतो तो तुम्ही दार अर्धवट उघडें ठेवतां आणि खुर्ची हलवून परत जागेवर ठेवीत नाहीं त्याचा."

पट्टी बांधणाऱ्याला अंधत्वाची भीति कळते, त्याचें शिक्षण कळत नाहीं, ही गोष्ट आम्हांस त्या दिवशीं समजली. आणि हाच भेद मनांत धरून आम्ही औंधच्या जुन्या कथांकडे पुन्हां पाहिलें.

पहिली कथा लक्ष्मणराव किर्लोस्करांची. त्यांचा जन्म १८६९ चा. चित्रकलेच्या ओढीनें ते १८८५ सालीं मुंबईस जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले. दोन वर्षें शिकल्यानंतर असें आढळून आलें कीं, त्यांस कांहीं रंगांतील भेद ओळखतां येत नाहीं. रंगांधत्व म्हणजे अंधत्व नव्हे. आकार, अंतर, उजेड हें सर्व अशा मनुष्यास स्वच्छ दिसतें. परंतु चित्रकाराच्या धंद्यांत ही उणीव मोठीच. त्यांनीं रंग सोडले आणि रेषा धरली. यंत्रांचीं रेखाचित्रें काढण्याच्या कौशल्यावर ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेंत शिक्षक झाले, आणि पुढें बेळगांवीं त्यांनीं लोखंडी नांगराचा उद्योग आरंभिला. बेळगांवची जागा सोडण्याची पाळी आली तेव्हां औंधच्या बाळासाहेबांनीं त्यांस दहा हजार रुपये बिनव्याजी कर्ज दिलें आणि आपल्या संस्थानांत हवी ती जागा निवडण्यास सांगितलें. कुंडलजवळची बत्तीस एकरांची निवडुंगानें भरलेली खडकाळ जमीन त्यांनीं घेतली, आणि मार्च १९१० मध्यें किर्लोस्करवाडी वसूं लागली.

या कथेचें तात्पर्य 'उणिवेवर मात' असें सांगण्याची रीत आहे. आम्हांस तें अपुरें वाटतें. लक्ष्मणरावांचे डोळे जन्मभर तसेच राहिले. बदललें तें काम. ज्या कामांत अर्थ केवळ रंगावर अवलंबून होता तेथें ते उणे ठरले, ज्या कामांत तो रेषेवर अवलंबून होता तेथें कोणाहून कमी नव्हते. म्हणजे उणीव जितकी डोळ्यांत होती, तितकीच ती कामाच्या मांडणींत होती. जुन्या आगगाडीच्या खांबावरील हात दिवसा आपल्या स्थितीनें खूण देई, रात्रीं मात्र दिव्याच्या रंगानें. तेव्हां दिवसा निर्धास्त असणारा रंगांध मनुष्य रात्रीं गोंधळे. मनुष्य तोच, खूण निराळी. एकच गोष्ट दोन प्रकारांनीं सांगावी, रंगानेंहि आणि आकारानेंहि, डोळ्यांलाहि आणि कानांलाहि, हा सर्वांच्या सोयीच्या वास्तुरचनेचा आज मान्य झालेला पहिला नियम आहे. आमच्या कचेरींतील उजळणाऱ्या आंकड्याला नेमका हाच नियम ठाऊक नव्हता.

दुसरी कथा ग्रंथाची आहे. १९१८ सालीं बाळासाहेबांनीं पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरास महाभारताची सचित्र, चिकित्सक आवृत्ति काढण्याची सूचना केली आणि त्यासाठीं एक लक्ष रुपये देऊं केले. तें प्रचंड कार्य १९६६ सालीं पुरें झालें. आतां महाभारत हें, दुसऱ्या अनेक गोष्टींप्रमाणें, एका अंध राजाच्या घराचीहि कथा आहे. जन्मांध म्हणून धृतराष्ट्राला प्रथम राज्य नाकारलें गेलें, आणि त्याच्या हातीं तें आलें तेंहि दुसऱ्याच्या अभावीं. त्याची पत्नी गांधारी हिनें नियोजित पति अंध आहे हें ऐकतांच आपल्या डोळ्यांवर वस्त्र बांधलें. डोळे बांधून अंधाचा अनुभव घेण्याचें याहून मोठें उदाहरण जगाच्या वाङ्मयांत नसेल. आमची पट्टी तीन तासांची, तिची जन्माची. तिच्या निष्ठेविषयीं बोलण्याचा आमचा अधिकार नाहीं. परंतु त्या पट्टीनें धृतराष्ट्राची कोणती सोय झाली, असा प्रश्न विचारला तर उत्तर कठीण जातें. त्याचें दुःख वाटून घेतलें गेलें. त्याची वाट सुकर झाली नाहीं. त्याची खरी सोय केली ती संजयानें. युद्धाच्या आरंभीं व्यासांनीं धृतराष्ट्रास दृष्टि देऊं केली असतां त्यानें ती नको म्हटली, कारण आप्तांचा संहार त्याला पाहवणार नव्हता. मात्र सर्व वृत्त ऐकण्याची त्याची इच्छा होती. तेव्हां संजयास दिव्य सामर्थ्य मिळालें आणि तो रणांगण शब्दांनीं उभें करूं लागला. दृश्य पाहतां येत नसेल त्याला तें नेमक्या शब्दांत, वेळच्या वेळीं सांगावें, ही योजना आज नाटकगृहांत व चित्रपटांत 'श्राव्य वर्णन' या नांवानें येत आहे. आपल्याकडे तिचा आदर्श केव्हांचा आहे.

याच ग्रंथांत वाईट वास्तूची एक गोष्ट आहे, ती मयसभेची. दुर्योधनाचे डोळे उत्तम होते. तरी त्या सभेंत स्फटिकाच्या जमिनीला तो पाणी समजला आणि पाण्याला जमीन समजून त्यांत पडला. जेथें दार वाटलें तेथें कपाळ आपटलें. भीमादि हसले. या प्रसंगीं द्रौपदीनें आंधळ्याचें पोर आंधळेंच अशा अर्थाचा टोमणा मारला असें कीर्तनांतून व नाटकांतून आपण ऐकत आलों. परंतु बाळासाहेबांच्या सूचनेंतून निघालेल्या त्या चिकित्सक आवृत्तींत हें वाक्य नाहीं. तें मागाहून लोकांनीं घातलेलें आहे. म्हणजे फसवी इमारत बांधली मयासुरानें, पडला डोळस मनुष्य, आणि टोमणा मात्र लोकपरंपरेनें अंधाच्या नांवानें तयार केला! कचेरीच्या पायरीवरील सद्गृहस्थांचा प्रश्न किती जुना आहे हें यावरून दिसून येईल. त्याच आवृत्तींत आणखी एक लहानसा तपशील आहे, त्याकडे फारसें कोणी पाहत नाहीं. दुर्योधन कपाळ आपटून घेतो तेव्हां नकुल-सहदेव धांवत येऊन त्याला सावरतात, आणि दार येथें आहे, इकडून जावें, असें सहदेव त्याला पुनः पुनः सांगतो. हसणाऱ्यांची नांवें सर्वांना पाठ आहेत. वाट सांगणाऱ्याचें नांव लक्षांत राहत नाहीं.

तिसरी कथा आटपाडीची. १९३९ सालीं औंध संस्थानांत आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नांवाची खुली कैद्यांची वसाहत सुरू झाली. तिच्यामागें मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या अभियंत्याची प्रेरणा होती. कैद्यांनीं तेथें भिंतीवांचून राहावें, शेती करावी आणि विश्वासावर सुधारावें अशी ती योजना. औंधच्याच शाळेंत शिकलेल्या ग. दि. माडगूळकरांनीं या वसाहतीवरून कथा रचली, आणि व्ही. शांताराम यांनीं १९५७ सालीं तिचा 'दो आंखें बारह हाथ' हा चित्रपट केला. त्यांतील बैलाशीं झुंजीच्या दृश्यांत शांतारामांच्या डोळ्यांस गंभीर इजा झाली आणि कित्येक दिवस त्यांना दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून पडून राहावें लागलें. त्या अंधारांत आपल्याला नाना रंग दिसूं लागले, असें त्यांनीं १९५९ सालच्या आपल्या 'नवरंग' चित्रपटाच्या आरंभीं स्वतः सांगितलें आहे.

ही पट्टी हौसेची नव्हती. तरीहि ती अखेर सुटणारी होती, आणि तिच्या आड रंगांची पन्नासाहून अधिक वर्षांच्या आयुष्यांतली पुंजी सांठविलेली होती. जन्मांध मनुष्याजवळ ती पुंजी नसते. त्याच्या जगांत रंगाची उणीव भासत नाहीं, कारण त्याचें जग दुसऱ्याच सामग्रीनें भरलेलें असतें. अमरावती जिल्ह्यांतील गुलाबराव महाराजांची (१८८१–१९१५) दृष्टि तान्हेपणींच गेली. अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यांत त्यांनीं शंभरावर लहानमोठे ग्रंथ रचले. त्यांच्या मनाची कल्पना आपल्याला डोळे मिटून येईल असें जो समजेल, तो फसेल.

आतां आजच्या काळाकडे वळूं. वास्तु आणि वस्तु घडविणाऱ्यांनीं स्वतः उणीव अनुभवून पाहावी हा विचार गेल्या अर्धशतकांत पुष्कळ पसरला. अमेरिकेंतील पॅट्रिशिया मूर या तरुण रचनाकर्तीनें वयाच्या सव्विसाव्या वर्षीं वृद्धेचा वेष घेतला. दृष्टि अंधुक करणारा चष्मा लावला, कान बुजविले, हातपाय आखडून बांधले, आणि १९७९ ते १९८२ या काळांत अनेक शहरें पालथीं घातलीं. दारांच्या मुठी, बसच्या पायऱ्या, डब्यांचीं झांकणें यांचा तिनें त्या दृष्टीनें विचार केला आणि त्या विचारानें पुष्कळ वस्तु सुधारल्या. आज रचनाशास्त्राच्या शाळांतून विद्यार्थ्यांना डोळ्यांवर पट्टी किंवा धुरकट चष्मा बांधून इमारतींत चालविण्याचा पाठ पुष्कळ ठिकाणीं दिला जातो.

परंतु या पाठाची दुसरी बाजूहि आहे. एरियल सिल्व्हरमन या स्वतः अंध असलेल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत असें दिसून आलें कीं, थोडा वेळ डोळे बांधून वावरलेल्या माणसांना अंधांविषयीं कळवळा वाटूं लागला, पण त्याबरोबरच अंध मनुष्य नोकरी करण्यास व स्वतंत्र राहण्यास कमी समर्थ आहे असेंहि त्यांना वाटूं लागलें. आमच्या माजघरांतील पहिला अर्धा तास आठवला म्हणजे याचें नवल वाटत नाहीं. त्या अर्ध्या तासावर थांबलों असतों, तर आत्याबाईंना खोलींतून बाहेर पडूं देऊं नये असेंच आम्हीहि ठरविलें असतें. याच्या उलट, १९८८ सालीं आंद्रेआस हायनेके यांनीं जर्मनींत फ्रांकफुर्ट येथें 'अंधारांतील संवाद' हा उपक्रम सुरू केला, त्यांत मिट्ट काळोखांत डोळस पाहुण्यांना वाट दाखविणारे अंध असतात. तेथें अंधार तोच. पण कोपर कोणाचें आणि हात कोणाचा हें उलट झालेलें असतें. आमच्या घरीं नकळत हेंच घडलें.

शिवाय नुसत्या काळ्या पट्टीनें वस्तुस्थितीहि बरोबर कळत नाहीं. २०११ च्या शिरगणतींत भारतांत दृष्टीचें अपंगत्व असलेल्यांची संख्या सुमारें ५० लक्ष नोंदली गेली. अशा माणसांपैकीं पुष्कळांना थोडें तरी दिसतें: कोणाला मधलें दिसतें, कडेचें नाहीं, कोणाला कडेचें दिसतें, मधलें नाहीं, मोतीबिंदु झालेल्याचे डोळे उन्हाच्या तिरिपीनें दिपतात. त्यांना पायरीची कड उलट रंगाच्या पट्ट्यानें दाखविली, गुळगुळीत फरशीची चकाकी टाळली, कांचेच्या दारावर डोळ्यांच्या उंचीला ठळक खूण केली आणि दिवे सारखे लावले, एवढ्यानें निम्में काम होतें. त्याला खर्च थोडा लागतो; लागते ती आठवण.

ही आठवण ठेवणारे कोण, याचें उत्तर इतिहास एकाच बाजूनें देतो. पॅरिसमध्यें व्हॅलेंटिन हॉय यानें अठराव्या शतकाच्या नवव्या दशकांत अंधांची शाळा काढली आणि नेहमींचींच अक्षरें कागदावर उठवून मुलांच्या बोटांखालीं दिलीं. हेतु उदात्त, पण अक्षरें डोळ्यांसाठीं घडलेलीं. बोटांना तीं जड जात. त्याच शाळेंतील लुई ब्रेल या अंध विद्यार्थ्यानें १८२९ सालीं सहा टिंबांची लिपि प्रसिद्ध केली, आणि अंधांचें वाचन खऱ्या अर्थानें सुरू झालें. ती लिपि त्या शाळेनें अधिकृतपणें स्वीकारली १८५४ मध्यें, म्हणजे ब्रेलच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनीं. आपल्याकडे मुंबईंत अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड बाईंनीं १९०० सालीं अंधशाळा काढली. पुण्याची अंधशाळा १९३४ ची. भारतीय भाषांना सामायिक अशी भारती ब्रेल १९५१ सालीं निश्चित झाली. रस्त्याची लिपि मात्र फार उशिरा आली. जपानमधील सेइइची मियाके यांनीं पायाला कळणारी उठावाची फरशी तयार केली आणि ती १८ मार्च १९६७ रोजीं ओकायामा शहरांत अंधशाळेजवळच्या रस्त्यावर प्रथम बसविली गेली. लांब उठाव म्हणजे चाला, ठिपके म्हणजे थांबा व सावध व्हा, एवढीच तिची वर्णमाला. आज आपल्या शहरांतून पिंवळी फरशी दिसते ती हीच. ती कोठें कोठें थेट झाडावर किंवा विजेच्या खांबावर नेऊन सोडते, याचें कारण ती बसविणाऱ्याला तिची वर्णमाला वाचतां येत नाहीं, आणि वाचतां येणाऱ्याला कोणी विचारलेलें नसतें.

कायद्यानें आतां विचारणें भाग केलें आहे. १९९५ च्या कायद्याची जागा २०१६ च्या दिव्यांग व्यक्ति हक्क कायद्यानें घेतली, आणि सार्वजनिक वास्तु सर्वांना वापरतां येतील अशा करणें हें कर्तव्य ठरविलें. तरीहि नियमांचा बराच भाग केवळ शिफारशीच्या स्वरूपाचा राहिला होता. राजीव रातुरी या दृष्टिबाधित गृहस्थांच्या अर्जावर ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असा निकाल दिला कीं, कायदा ज्याला कर्तव्य म्हणतो त्याला नियम ऐच्छिक करूं शकत नाहीं. किमान अटी बंधनकारक केल्याच पाहिजेत. येथेंहि वाट काढली ती ज्याला चालावयाचें होतें त्यानेंच.

शेवटीं पुन्हां औंधकडे येऊं. या संस्थानाचें नांव हिंदुस्थानच्या राजकीय इतिहासांत राहिलें तें १९३९ च्या राज्यघटनेमुळें. गांधींच्या सल्ल्यानें तयार झालेली ही घटना २१ जानेवारी १९३९ रोजीं अमलांत आली. राजानें आपली सत्ता प्रजेस देऊन टाकली आणि कारभाराचा पाया गांवच्या पंचायतींवर ठेवला. खेड्यांतील लोक अडाणी, त्यांचें हित राजाला व शिकलेल्या अधिकाऱ्यांनाच कळणार, असा त्या काळचा सर्वसाधारण समज होता. औंधनें त्याच्या उलट धरलें: व्यवस्था ज्याच्यासाठीं, ती ठरविण्याचा अधिकारहि त्याचा. राजा गरिबाच्या वेषांत रात्रीं फिरून प्रजेचें दुःख जाणून घेतो, अशा गोष्टी आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि त्या गोडहि आहेत. परंतु वेष घेऊन फिरणें निराळें आणि प्रजेला सभेंत जागा देणें निराळें. डोळ्यांवर बांधलेली पट्टी हा रचनाकाराचा वेष आहे. तो त्यानें अवश्य घ्यावा. त्यानें निदान गर्व उतरतो. पण वेष उतरवून झाल्यावर नकाशाच्या मेजाशीं अंध मनुष्याला खुर्ची द्यावी, त्याचें म्हणणें पायाभरणीच्या आधीं ऐकावें, आणि इमारत उभी राहिल्यावर ती त्याच्याकडून तपासून घ्यावी. औंधच्या घटनेंतील तत्त्व वास्तूला लावलें तर एवढेंच निघतें.

गेल्या वर्षीं आम्ही आत्याबाईंना घेऊन औंधास गेलों होतों. यमाईच्या डोंगरावर बाळासाहेबांनीं १९३८ सालीं उभारलेलें श्रीभवानी संग्रहालय आहे. रविवर्म्यापासून धुरंधरांपर्यंतच्या चित्रकारांचीं चित्रें, लाकडावरील व हस्तिदंतावरील कोरीव काम, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचें माता व बालक हें शिल्प, असा तो संग्रह एका रसिक डोळ्यानें जमविलेला आहे. त्या काळचीं जगांतील बहुतेक संग्रहालयें केवळ डोळ्यांसाठींच असत, आणि मूळ वस्तु हाताळूं दिल्या तर त्या टिकणार नाहींत हेंहि खरें. परंतु प्रतिकृति करतां येतात. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयांत २०१५ सालीं 'अनुभव' नांवाचें स्पर्शदालन उघडलें गेलें, त्यांत शिल्पांच्या प्रतिकृति हातांनीं पाहण्यासाठींच ठेवलेल्या आहेत. ज्या संस्थानानें कैद्यांना भिंतीवांचून ठेवून पाहिलें, त्याच्या भूमींत असें एखादें दालन व्हावें ही इच्छा अवास्तव नाहीं.

आम्ही चित्रांपुढें उभे राहून आमच्या परीनें संजयाचें काम केलें. तें फार बरें झालें नसावें, कारण थोड्या वेळानें आत्याबाई म्हणाल्या, "रंग राहूं दे. बाई कोणत्या बाजूला पाहते आहे आणि हातांत काय धरलें आहे, तेवढें सांग." त्यानंतरचीं चित्रें आम्ही तशींच सांगितलीं, आणि सांगण्यासाठीं तीं प्रथमच नीट पाहिलीं. उतरल्यावर गांवांतील देवळापुढच्या दीपमाळेपाशीं त्या थांबल्या. चौथऱ्याच्या दगडावर त्यांनीं दोन्ही हात ठेवले, कड चांचपत एक फेरी पुरी केली, आणि दगडाचे सांधे किती घट्ट बसले आहेत तें आम्हांस दाखविलें. आम्ही त्या दीपमाळेवरून अनेकदां गेलों होतों; सांधे आम्हीं पाहिले नव्हते.